मिक्सिंगमधली चूक

पोपट शिंगटे डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका रबराच्या युनिटमध्ये एकतीस वर्षं मिलवर होता. मिल म्हणजे पिठाची गिरणी नव्हे. दोन जाडजूड लोखंडी रूळ एकमेकांकडे फिरत असतात. त्यांच्या फटीत कच्चं रबर सोडायचं, ते मऊ होऊन रुळाला पोळीसारखं गुंडाळलं गेलं की त्यात काळा कार्बन, तेल, गंधक आणि बाकीची केमिकल घालून मळत राहायचं. कणीक नीट मळली नाही तर पुढे लाटणारा कितीही हुशार असो, पोळी फाटणारच. तसंच इथे. म्हणून युनिटमध्ये कुणी साहेब असो वा नसो, पोपटच्या मिलपाशी आवाज पोपटचा चालायचा.

तो मूळचा कोरेगावकडचा. सत्ताविसाव्या वर्षी इकडे आला तेव्हा परशुराम गायकरांनी त्याला ठेवून घेतलं. गायकर इथलेच. त्यांची भातशेती एमआयडीसीत गेली, बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर त्यांनी शेड टाकली आणि दुचाकीच्या टाकीतून इंजिनाकडे पेट्रोल नेणारी काळी नळी काढायला सुरुवात केली. नवीन गाडीवरची नळी नव्हे, जुनी फुटली की गॅरेजवाला पाकीट फाडून बसवतो ती. माजिवड्यापासून कल्याणपर्यंत कुठल्याही गॅरेजात गेलात आणि एखाद्या दहा-पंधरा वर्षांच्या गाडीखाली वाकून बघितलंत, तर तिथे पोपटने मळलेलं रबर सापडण्याची शक्यता बरीच होती. त्याचा त्याला मनातून अभिमान होता, पण तो बोलून दाखवायचा नाही. नखांतला कार्बन कधी गेला नाही आणि घरी बायकोने, शीलाने, त्याचा टॉवेल कायम वेगळ्या खुंटीला ठेवला.

दोन हजार एकवीस साली चहाच्या टपरीवर त्याने पेपरात वाचलं की पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळायचं ठरलेलं होतंच, ते आता तीस सालाऐवजी पंचवीसलाच होणार. बातमी वाचून त्याला आनंदच झाला. गावाकडे धाकटा भाऊ रामा ऊस लावायचा, कारखान्याने डिस्टिलरी वाढवली होती. पण पेपर घडी करून ठेवताना त्याच्या मनात आलं, आपली नळी हे सोसेल का?

त्याने स्वतःच बघायचं ठरवलं. पंपावरच्या पेट्रोलमध्ये तेव्हाही थोडं इथेनॉल असायचंच. पाणी घालून जोरात हलवलं की ते पाण्याबरोबर तळाला जातं, वरचं पेट्रोल अलगद काढून घेता येतं. तसं धुतलेलं पेट्रोल एका बरणीत, दहा टक्के मिसळलेलं दुसरीत, वीस टक्केवालं तिसरीत. क्वालिटी बघणाऱ्या जागृतीने तिच्या खोलीतली इथेनॉलची बाटली दिली. जागृती कल्याणची, रसायनशास्त्र शिकलेली, वयाने त्याच्या मुलीपेक्षा थोडीच मोठी. तिन्ही बरण्यांत नळीचे बोटभर तुकडे टाकून पोपटने त्या शेडच्या मागे सावलीत ठेवल्या आणि झाकणावर तारीख लिहिली.

तीन आठवड्यांनी वीस टक्क्यांतला तुकडा फुगून असा झाला होता की जुन्या क्लिपमध्ये बसेना. तेही एक वेळ चाललं असतं. पण बाहेर काढून वाळवल्यावर तो मूळ मापापेक्षा आखूड झाला आणि वाकवला तशा त्यावर केसासारख्या चिरा उमटल्या. रबर मऊ राहावं म्हणून जे तेल मळलेलं असतं, ते त्या मिश्रणाने ओढून घेतलं होतं. म्हणजे गाडी रोज चालली तर नळी फुगणार, महिनाभर उभी राहिली तर आकसून चिरणार आणि खाली गरम इंजिनावर पेट्रोल टपकणार.

तुकडे कागदावर मांडून तो देवेशच्या केबिनमध्ये गेला. देवेश म्हणजे परशुरामांचा मुलगा. वडिलांचे गुडघे गेल्यापासून कारभार त्याच्याकडे होता. पोपटने त्याला चड्डीत बघितलेलं. नळी आपल्या नावाने विकणारी एक कंपनी होती, तीच नळीचं माप आणि चाचणी ड्रॉइंगवर लिहून द्यायची.

"काका, ड्रॉइंगवर काय लिहिलंय?" देवेशने विचारलं.

"ड्रॉइंगवर जुनीच टेस्ट आहे. साध्या पेट्रोलची."

"त्यात आपण पास आहोत ना?"

"आहोत. पण गाडीत ते पेट्रोल असणारच नाही ना रे आता!"

"मग कंपनी ड्रॉइंग बदलेल. बदललं की आपण बदलू."

"तू सांग ना त्यांना. वरच्या दर्जाचं रबर घ्यावं लागेल, पण होतंय. मी करून दाखवतो."

देवेशने तो चिरलेला तुकडा बोटाने बाजूला ढकलला. "मी आपणहून सांगितलं की आमची नळी टिकत नाही, तर ते ड्रॉइंग बदलतील की माणूस बदलतील?"

पोपटने तुकडे उचलले. कागदावर काळे डाग राहिले, ते देवेशने टिश्यूने पुसले.

पुढच्या वर्षी जागृतीनेच त्याला सांगितलं की इंधनाच्या मानकाचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी खुला आहे. कुणीही लिहू शकतं. "कुणीही म्हणजे मी पण?" पोपटने दोनदा विचारलं. घरी त्याने मुलीला, सान्वीला, बसवलं. सान्वी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती, इंग्रजी तिचं बरं होतं. फॉर्मला रकाने होते: कलम क्रमांक, सूचना, प्रस्तावित बदल, कारण.

"बाबा, कलम कुठलं लिहू?"

"कलम नाहीये गं. माझं म्हणणं कुठल्याच कलमात नाही, हीच तर तक्रार आहे."

"रिकामं ठेवलं तर फॉर्म पुढे जात नाही."

शेवटी तिने पहिलं कलम टाकलं. त्याला मिल, बरण्या, गॅरेजवाले, सगळं सांगायचं होतं, रकान्यात जेमतेम चार ओळी मावत होत्या. शब्द कमी करता करता बापलेकीचं चांगलंच वाजलं. राहिलं ते एवढं: पंपाच्या नोझलवर टक्केवारी ठळक लिहावी आणि जुन्या गाड्यांसाठी विकल्या जाणाऱ्या सुट्या भागांच्या पाकिटावर तो भाग किती टक्क्यांना चालतो हे छापणं सक्तीचं करावं. सान्वीने शोधून एक जोड दिली. ब्रिटनमध्ये दहा टक्क्यांचं पेट्रोल आणलं तेव्हा जुन्या गाड्यांसाठी पाच टक्केवालं महागडं पेट्रोलही पंपावर राहू दिलं. अमेरिकेत पंधरा टक्क्यांच्या पंपावर, कुठल्या सालाच्या पुढची गाडी चालेल, याची चिठ्ठी चिकटवतात. ब्राझीलमध्ये याहून जास्त मिसळतात, पण गाड्याच तशा बनवतात.

"म्हणजे आपण काय जगावेगळं मागत नाही," पोपट म्हणाला.

सात महिन्यांनी उत्तर आलं. सूचनेची नोंद घेतली आहे. हे मानक इंधनापुरतं आहे, सुटे भाग या समितीच्या कक्षेत येत नाहीत. जागृतीने कुठे कुठे फोन लावून शोधलं, तर सुट्या भागांची समिती वेगळी, ती म्हणाली आमचं काम नवीन गाड्यांपुरतं. रस्त्यावर आधीच असलेल्या कोट्यवधी गाड्यांच्या नळ्या कुणाच्या कक्षेत येतात, हे सांगणारं माणूस तिला काही मिळालं नाही.

पोपटला याचा त्रास झाला, पण त्याहून जास्त त्रास दुसऱ्याच गोष्टीचा व्हायचा. तो काही बोलला की लोकांना वाटायचं हा इथेनॉलच्या विरोधात आहे. गावच्या जत्रेला गेला तेव्हा रामाने त्याला मोटरसायकलवर बसवून कारखान्याच्या फाटकापुढच्या टँकरांची रांग दाखवली.

"तुझ्या नळीतनं आता आपला ऊस वाहतोय, दादा."

"वाहू दे की. पण नळी बदलाया पाहिजे."

"म्हंजे? आमचं चांगलं चाललंय ते बघवंना का मुंबैकरांना?"

"आरं, मी कुठं म्हणतोय मिसळू नका? मिसळा. पण आधी..."

"ऱ्हाऊ दे." रामाने किक मारली. या बाजूला किंवा त्या बाजूला उभं राहिल्याशिवाय कुणी ऐकूनच घेत नाही, असं पोपटला वाटायला लागलं होतं. त्याला कुठेच उभं राहायचं नव्हतं. त्याला नळी बदलायची होती.

दोन हजार पंचवीसच्या पावसाळ्यात परत आलेल्या नळ्यांचा पहिला खोका आला. मग दुसरा. आपल्या नावाच्या पाकिटात घालून त्या विकणाऱ्या कंपनीकडे गॅरेजवाल्यांच्या तक्रारी साचल्या होत्या. पोपटने खोका उघडला आणि एक नळी वाकवली. चार वर्षांपूर्वी बघितलेल्या त्याच केसासारख्या चिरा. "मी सांगितलेलं" हे शब्द त्याच्या जिभेवर आले, पण समोर जागृती होती आणि तिलाही ते माहीत होतं, म्हणून त्याने खोका बंद केला.

कंपनीचा ऑडिटर आला. तरुण, सभ्य, पायांत पांढरेशुभ्र बूट, जे शेडमध्ये पाऊल टाकल्यावर फार वेळ पांढरे राहिले नाहीत. त्याने वजनकाटा बघितला, मिल बघितली, पोपटची रोजची वही बघितली. मग लॅपटॉप उघडून म्हणाला, "रूट कॉज काय लिहायचं?"

"रबर जुन्या पेट्रोलसाठी आहे. पेट्रोल बदललं, ड्रॉइंग नाही बदललं," पोपट म्हणाला.

"काका, इथे चारच ऑप्शन आहेत. माणूस, मशीन, माल, पद्धत. यातलं एक निवडावं लागतं."

"ड्रॉइंग नाही त्यात?"

"ड्रॉइंग आमचं आहे ना." हे तो लपवाछपवी न करता, अगदी सहज म्हणाला.

पोपट शेडच्या मागून बरण्या घेऊन आला. झाकणांवरच्या तारखा अजून वाचता येत होत्या. ऑडिटरने त्या कौतुकाने बघितल्या आणि मान हलवली. हे पेट्रोल कुठलं, त्यात नेमकं किती टक्के, तापमान किती होतं, काहीच नोंद नाही. मान्यताप्राप्त लॅबचा रिपोर्ट असेल तर बघू.

तर तेही केलं. देवेशच्या मागे लागून जागृतीने परवानगी काढली आणि ती आणि पोपट नळ्यांचे नमुने घेऊन कोलशेतच्या एका खाजगी लॅबमध्ये गेले. तिथल्या बाईंनी, कल्पिता त्यांचं नाव, नमुने घेताना विचारलं, "कुठल्या मानकानुसार तपासायचं?" जागृतीने दोन्ही सांगितलं: ड्रॉइंगवरची जुनी टेस्ट आणि वीस टक्केवाली.

रिपोर्ट आला. जुन्या टेस्टमध्ये नळी पास. वीस टक्क्यांत सपशेल नापास. पोपटने तो कागद तीनदा वाचला. इंग्रजी फारसं कळत नसलं तरी 'पास' कळत होतं. रबर ठरल्याप्रमाणेच मळलेलं होतं, त्यात काडीचा फरक नव्हता, हे आता शिक्क्यानिशी आलं होतं. त्या संध्याकाळी घरी जाताना त्याने कधी नव्हे ते सामोसे नेले.

आठवड्याने देवेशने त्याला केबिनमध्ये बोलावलं आणि एक कागद पुढे केला. रूट कॉज: माणूस. तपशील: मिक्सिंग करताना तेलाचं प्रमाण चुकलं. ऑपरेटर: पी. शिंगटे. उपाय: ऑपरेटरला प्रशिक्षण.

"काका, इथे सही करा."

पोपटला वाटलं आपण चुकीचा कागद वाचतोय. "लॅबचा रिपोर्ट?"

"पाठवलेला. ते म्हणाले, नळी ड्रॉइंगप्रमाणे पास आहे म्हणता, तर मग तक्रार आलीच कशी? त्यांना या महिन्यात तक्रार बंद करायची आहे. बंद झाली की नवीन ड्रॉइंग देतो म्हणालेत, वीस टक्क्यांचं. आपल्यालाच. तुम्ही जे चार वर्षं सांगत होता तेच होणार आहे, काका. नुसती एक सही."

"मी चुकलो नाही."

"मला माहितीये."

"माहितीये तर मग लिहितोस कशाला?"

"बावीस माणसं आहेत इथे," देवेश म्हणाला. आवाज खाली आला होता. "मशीन लिहिलं तर मशीन बदला म्हणतील. माल लिहिला तर मालवाला कोर्टात जाईल. माणूस लिहिलं तर कुणाला काही होत नाही. तुमचा पगार, तुमचं काम, सगळं आहे तसंच राहणार."

"कुणाला काही होत नाही?" पोपट उठला. सही न करता बाहेर पडला. दार आपटायचं त्याच्या मनात होतं, पण केबिनच्या दाराला ते हळू बंद करणारं यंत्र बसवलेलं होतं.

रविवारी तो परशुरामांकडे गेला. म्हातारा ओट्यावर खुर्ची टाकून बसला होता, पाय समोरच्या स्टुलावर. पोपटने सगळं सांगितलं, रिपोर्टची झेरॉक्स दाखवली. परशुरामांनी ती उलटीसुलटी केली.

"मना त्यातला काय कलत नाय, पोपट. तू खोटा नाय बोलणार, ता मना म्हाईत हाय."

"मग देवेशला सांगा."

"सांगीन." त्यांनी झेरॉक्स घडी करून परत दिली. "पन तो ऐकल, असा नाय सांगत."

रूट कॉजचा कागद पोपटच्या सहीशिवायच कंपनीला गेला. सहीच्या जागी देवेशने स्वतः सही केली आणि तक्रार बंद झाली. मात्र कागदावर प्रशिक्षण लिहिलेलं होतं, तेव्हा ते होणं भाग होतं, फोटो पाठवायचे होते. शनिवारी एक प्रशिक्षक आला. मिलवरची दोघं पोरं आणि पोपट अशा तिघांना प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसवून त्याने पडद्यावर चित्रं दाखवली: तेल कसं मोजावं, आधी काय घालावं, गंधक शेवटी का घालावं. पोरं पोपटकडे बघेनात. त्यांना हे सगळं त्यानेच शिकवलेलं होतं. एकदा प्रशिक्षकाने क्रम उलटा सांगितला. एक पोरगा चुळबुळला. पोपटने त्याला मानेनेच नको म्हटलं. शेवटी फॉर्म दिला, त्यात एक प्रश्न होता: आज आपण नवीन काय शिकलात? पोपटने पेन उघडलं, बंद केलं, परत उघडलं आणि लिहिलं, "माणूस हा एक ऑप्शन आहे." जागृतीने फॉर्म गोळा करताना ते वाचलं. तिने तो फॉर्म गठ्ठ्यात सर्वांत खाली घातला.

नवीन ड्रॉइंग खरंच आलं. देवेशने शब्द पाळला होता, कंपनीनेही. पण वीस टक्क्यांना टिकणारं रबर इथे मळण्यात कंपनीला आता जोखीम वाटत होती, रेकॉर्डवर मिक्सिंगची चूक होती ना. म्हणून तयार मळलेलं रबर बाहेरून घ्यायची अट आली. ते परदेशातून यायचं, निळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या पट्ट्या, प्रत्येक पट्टीवर नंबर. नळ्या चांगल्या निघत होत्या, हे पोपटनेही मान्य केलं. पण मिल बंद झाली. पोपटला पॅकिंगवर बसवलं. पहिल्या दिवशी पाकिटं भरताना त्याने बघितलं, पाकिटावर टक्केवारी कुठेच छापलेली नव्हती. जुनी नळी आणि नवी नळी, पाकीट तेच. त्याने जागृतीला हाक मारून दाखवलं.

"जुना स्टॉक संपेपर्यंत तेच पाकीट वापरायचंय, काका."

"आणि गॅरेजवाल्याला कसं कळणार कुठली कुठली?"

"नाही कळणार," ती म्हणाली. तिच्या आवाजातला वैताग त्याच्यापेक्षा कमी नव्हता.

मार्चमध्ये पोपटला अठ्ठावन्न पूर्ण झाली. निरोप समारंभ झाला, शाल, नारळ, केक. देवेशने भाषण केलं. काकांनी हे युनिट उभं केलं, काकांच्या हातात जादू होती, एकतीस वर्षांत काकांचा एक बॅच वाया गेला नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग पोपटला बोलायला सांगितलं.

तो शाल सावरत उभा राहिला. "एकतीस वर्षांत एक बॅच वाया गेला नाही म्हणालास, देवेश. मग त्या कागदावर माझं नाव आहे, तेवढं काढ." आणि खाली बसला.

देवेश लाल झाला. मग म्हणाला, "बघतो, काका. जागृती, बघ गं ते."

जागृतीने खरंच बघितलं. लॅबच्या रिपोर्टसह कंपनीला पत्र लिहिलं, स्मरणपत्रं लिहिली. दीड महिन्याने ती डोंबिवलीला पोपटच्या घरी आली. शीलाने चहा टाकला. जागृतीने बॅगेतून काही काढलं नाही, तेव्हाच पोपटला अंदाज आला.

"त्यांच्या सिस्टीममध्ये बंद झालेली तक्रार परत उघडत नाही, काका. वरून परवानगी लागते. आणि वरचे म्हणतात, माणूस रिटायर झालाय, आता त्याला काय फरक पडतो?"

"मला पडतो."

"मला माहितीये."

"सगळ्यांना माहितीये!" पोपट एवढ्या जोरात बोलला की शीला स्वयंपाकघरातून बाहेर आली. "देवेशला माहितीये, म्हाताऱ्याला माहितीये, तुला माहितीये. मग लिहिलेलं खोटंच कसं राहतं?"

जागृतीने कप खाली ठेवला. जाताना तिने रूट कॉजच्या कागदाची आणि लॅबच्या रिपोर्टची एकेक प्रत त्याच्या हातात ठेवली. तसं द्यायचं नसतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

त्या रविवारी त्याने सान्वीकडून कंपनीला मराठीतच पत्र टाइप करून घेतलं आणि सोबत प्रती जोडून रजिस्टरने पाठवलं. दहा दिवसांनी पोच आली, कुणाची तरी गिचमिड सही आणि शिक्का. उत्तर आलं नाही. जूनही गेला.

"आता पुरे करा," शीला म्हणाली. "कोण वाचतंय तो कागद? नोकरी गेली नाही, इज्जत गेली नाही. लोक अजून फोन करतात तुम्हाला."

लोक फोन करत होते, हे खरं होतं. माजिवड्याचा एक गॅरेजवाला परवाच विचारत होता, कुठली नळी घेऊ? आणि पाकिटावरून काही कळायला मार्ग नसल्यामुळे पोपटला त्याला धड उत्तर देता आलं नव्हतं. ते आठवून तो आणखीनच चिडला.

"तो कागद त्यांच्याकडे राहणार आहे," तो म्हणाला. "उद्या पेट्रोलमध्ये आणखी काही मिसळतील, परत नळ्या चिरतील, तेव्हा कुणी तरी मागचं काढून बघेल, पहिल्यांदा काय झालेलं म्हणून. तिथं काय सापडेल? शिंगटेनं तेल चुकीचं घातलं. मग ते परत माणसालाच शिकवत बसतील."

शीला स्वयंपाकघरात गेली. सान्वी लॅपटॉप घेऊन बाहेरच्या खोलीत आली. दुसरं पत्र कुणाच्या नावे लिहायचं, यावर त्यांचा वाद सुरू झाला. तिचं म्हणणं, खरेदी विभागाच्या प्रमुखाला लिहावं. पोपटचं म्हणणं, ज्याने ड्रॉइंगवर सही केली त्याला. पण त्या ड्रॉइंगवर नाव नव्हतं, नुसती आद्याक्षरं होती.